ज्याचे दुखत नाही त्याचे देणे

'ज्याचे जळते त्याला कळते' ही म्हण आपण बहुधा दुःखिताच्या दारात उभे असताना वापरतो. परक्याच्या वेदनेपुढे आपले शब्द तोकडे पडतात, हे मान्य करण्याची ती एक नम्र रीत आहे. परंतु या म्हणीच्या पोटात आणखी एक अर्थ दडलेला असतो आणि तो तितकासा नम्र नाही. ज्याचे जळत नाही त्याला कळत नाही, आणि ज्याला कळतच नाही त्याच्याकडून अपेक्षा तरी कसली करायची, असा सोयीस्कर निष्कर्ष आपण तिच्यातून नकळत काढतो. सांत्वनाला निघालेली म्हण अशा रीतीने आपल्या सुटकेचा दाखला होऊन घरी परतते.

म्हणून एक प्रश्न सरळ विचारायला हवा. ज्याचे काही दुखत नाही तो, ज्याचे दुखते आहे त्याचे काही देणे लागतो काय? आणि लागत असेल तर ते देणे दयेचे की न्यायाचे? दया ही देणाऱ्याच्या मर्जीवर असते. न्यायाचे तसे नसते. या प्रश्नाचा विचार केवळ तत्त्वाच्या पातळीवर करण्यापेक्षा सोलापूर जिल्ह्याच्या चांगल्या परिचयाच्या एका आजाराच्या आधारे केला, तर तो अधिक स्पष्ट होईल असे वाटते. हा आजार म्हणजे हत्तीरोग. महाराष्ट्रातील हत्तीरोगग्रस्त जिल्ह्यांच्या यादीत सोलापूरचे नाव वर्षानुवर्षे राहिले आहे. धोतराच्या सोग्याआड किंवा नऊवारी लुगड्याच्या काठाखाली झाकून घेतलेला, खांबासारखा सुजलेला पाय येथील जुन्या पिढीने पाहिलेला आहे. तो पाय पाहून हळहळणारे पुष्कळ असतात. त्या पायाशी आपला काही संबंध आहे असे मानणारे मात्र थोडे.

परतीच्या वाटा

हा आजार समजून घ्यायचा तर आधी शरीरातील एका अबोल व्यवस्थेची ओळख करून घ्यावी लागते. रक्ताभिसरणाविषयी आपण शाळेत शिकतो. हृदय रक्त ढकलते, रोहिण्यांतून ते शरीरभर जाते, नीलांतून परत येते. परंतु हा हिशेब पुरता जुळत नाही. केसाहून बारीक अशा केशवाहिन्यांतून रक्तातील पाण्याचा अंश सतत बाहेर पाझरत असतो आणि पेशींना न्हाऊ घालत असतो. दिवसाकाठी सुमारे २० लिटर द्रव असा बाहेर पडतो, असे शरीरशास्त्राची पाठ्यपुस्तके सांगतात. त्यातला बराचसा केशवाहिन्याच परत घेतात. सुमारे ३ लिटर मात्र मागे उरतो, आणि त्याच्यासोबत रक्तातून निसटलेली प्रथिनेही उरतात. हे उरलेले परत नेले नाही तर एक-दोन दिवसांतच माणसाचे जगणे अशक्य होईल.

ते परत नेण्याचे काम लसीकावाहिन्या करतात. जखमेतून जो पातळ, पाण्यासारखा द्रव झिरपतो त्याला आपण घरगुती भाषेत लस म्हणतो. 'लसीका' हा परिभाषेतला शब्द त्याच कुळातला आहे. या वाहिन्या एका टोकाला बंद असतात. पेशींच्या गर्दीत त्या बोटांसारख्या सुरू होतात, मागे राहिलेला द्रव आत घेतात, आणि पुढे एकमेकींना मिळत मिळत मोठ्या होतात. दोन्ही पायांची, पोटाची आणि शरीराच्या डाव्या वरच्या भागाची लसीका शेवटी छातीतील एका मोठ्या वाहिनीतून मानेच्या मुळाशी डाव्या बाजूला येऊन पुन्हा रक्तात मिसळते. उजव्या वरच्या भागाची व्यवस्था वेगळी, उजवीकडे.

या व्यवस्थेला स्वतःचे हृदय नाही. तिच्या भिंतींची संथ आकुंचने, आतल्या एकेरी झडपा, आपला श्वासोच्छ्वास आणि चालताना आवळणारे पोटरीचे स्नायू एवढ्या सामग्रीवर तळपायापासून मानेपर्यंतचा चढ ती चढते. दहा-दहा तास यंत्रमागापुढे उभा राहणारा विणकर आणि दिवसभर मांडी घालून सूप मांडीवर घेऊन विड्या वळणारी बाई यांचे पाय संध्याकाळी जड का होतात, याचे एक कारण यातच आहे. कष्ट करणाऱ्याच्या पायांनाच परतीचा हा प्रवास अधिक अवघड जातो.

वाटेत ठिकठिकाणी नाकी आहेत. काखेत, जांघेत, मानेत, पोटात मिळून काहीशे लसीकाग्रंथी असतात. वाहून आलेली लसीका प्रत्येक ग्रंथीत गाळली जाते, तपासली जाते. त्वचेखाली आणि आतड्याच्या अस्तरात काही पेशी पहाऱ्यावर असतात. जंतू शिरला की त्या त्याचा तुकडा उचलून लसीकावाहिनीच्या वाटेने जवळच्या ग्रंथीत जातात आणि तेथे जमलेल्या पांढऱ्या पेशींना तो दाखवतात. लाखो पेशींपैकी ज्या मोजक्या पेशींना तो तुकडा ओळखता येतो त्या जाग्या होतात आणि झपाट्याने वाढू लागतात. काही प्रत्यक्ष लढायला निघतात, काही प्रतिपिंडे तयार करतात, आणि काही त्या शत्रूची आठवण घेऊन वर्षानुवर्षे मागे राहतात. लसीकरणाचे सारे शास्त्र या आठवणीवर उभे आहे.

आपल्या आजीला यातले शास्त्र ठाऊक नव्हते, पण खूण ठाऊक होती. पायाच्या बोटाला काटा मोडून पिकला की जांघेत गाठ येते. तिला ती 'अवधाण आले' असे म्हणत असे. काटा बोटात आणि दुखणे जांघेत! जांघेला काही झालेले नसते. ती जखमेपासून हातभर दूर असते. तरीही ती सुजते, तापते, ठणकते, कारण बोटाचे दुःख निस्तरण्याचे काम तिने अंगावर घेतलेले असते. 'ज्याचे जळते त्याला कळते' हा नियम शरीराच्या आत लागू नाही. तेथे ज्याचे जळत नाही त्यालाही कळवले जाते, आणि कळल्यावर त्याला स्वस्थ बसता येत नाही. शरीर एक आणि अवयव अनेक, हा संत पौलाने करिंथकरांपुढे मांडलेला दृष्टान्त आपण मिस्सामध्ये अनेकदा ऐकलेला आहे. अवधाणाची साधी गाठ त्याच्या शेजारी ठेवून पाहण्याजोगी आहे.

उसनी मिळालेली ठेव

प्रतिकारशक्तीविषयी आपण बोलतो ते बहुधा किल्ला, तट आणि सैन्य यांच्या भाषेत. 'माझी प्रतिकारशक्ती चांगली आहे' असे म्हणताना एखाद्या खासगी मालमत्तेचा उल्लेख करावा तसा आपला सूर असतो. विज्ञानाचे चित्र याहून निराळे आहे.

पहिली गोष्ट अशी की ही शक्ती आपल्याला प्रथम मिळते ती उसनी. नवजात बालकाला स्वतःची प्रतिपिंडे नीट तयार करता येत नाहीत. गर्भावस्थेच्या शेवटच्या महिन्यांत आईची प्रतिपिंडे नाळेवाटे त्याच्या रक्तात उतरतात, आणि जन्मानंतर पहिल्या चिकाच्या दुधातून आणखी मिळतात. आईने जे आजार सोसले किंवा ज्या लसी टोचून घेतल्या, त्यांचे फळ बाळाला पहिले काही महिने पुरते. आयुष्याचा पहिला पहारा दुसऱ्या कोणी केलेला असतो.

दुसरी गोष्ट अशी की लढणे हे या व्यवस्थेचे अर्धेच काम आहे. उरलेले अर्धे काम म्हणजे आवरणे. छातीच्या हाडामागे असलेल्या थायमस ग्रंथीचे खरे कार्य जॅक मिलर यांनी १९६१ मध्ये दाखवून दिले. या ग्रंथीत लढाऊ पेशींची कसून परीक्षा होते, आणि आपल्याच शरीरावर हल्ला करू शकतील अशा पेशी तेथेच नष्ट केल्या जातात. परीक्षेस बसणाऱ्यांपैकी बहुतेक सर्व तेथेच संपतात. त्यातूनही निसटलेल्यांना बाहेर आवर घालणाऱ्या निराळ्या पेशी असतात. त्यांच्यासंबंधीच्या शोधाबद्दल मेरी ब्रन्को, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना २०२५ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. जी प्रतिकारशक्ती स्वतःला आवरू शकत नाही ती आपल्याच सांध्यांवर, ग्रंथींवर, मज्जातंतूंवर तुटून पडते. तेव्हा बळ आणि संयम या दोन गोष्टी शरीराने वेगळ्या ठेवलेल्या नाहीत.

संयमालाही एक धोका आहे. त्याचा गैरफायदा घेणारा पाहुणा घरात शिरू शकतो. हत्तीरोगाची कथा येथे सुरू होते.

रात्रीचे रक्त

हत्तीरोगाचा जंत सुतासारखा असतो. मादी ८ ते १० सेंटिमीटर, नर त्याच्या निम्म्याहून कमी. हे जंत राहतात ते नेमके लसीकावाहिन्यांत, म्हणजे जी व्यवस्था शत्रूची वार्ता देण्यासाठी आहे तिच्याच घरात. तेथे ते पाच-सहा वर्षे, कधी त्याहूनही अधिक जगतात, आणि मादी त्या काळात लाखो सूक्ष्म पिल्ले रक्तात सोडते. ती दिवसा फुप्फुसांच्या खोल रक्तवाहिन्यांत दडून राहतात आणि रात्री, दहाच्या पुढे, त्वचेजवळच्या रक्तात येतात. त्याच वेळी क्यूलेक्स जातीचा डास चावायला बाहेर पडतो. गटार, तुंबलेला नाला, शौचालयाची टाकी अशा घाण पाण्यात हा डास वाढतो. त्याच्या पोटात ही पिल्ले दहा-बारा दिवसांत पुढच्या अवस्थेला पोचतात, आणि मग तो दुसऱ्या कोणाला चावतो. या आजाराची तपासणी करणारे कर्मचारी रात्री साडेआठ-नऊनंतर सुई आणि काचपट्टी घेऊन दारोदार जातात ते याच कारणाने. 'दिवसा या ना' असे त्यांना ऐकावे लागते. पण दिवसाच्या रक्तात खरे उत्तर क्वचितच सापडते.

आता नीतीच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पाहू. ज्यांच्या रक्तात ही पिल्ले सापडतात त्यांतील बहुतेकांना काहीही होत नसते. ताप नाही, सूज नाही, काही नाही. जंत आपल्या यजमानाच्या प्रतिकारशक्तीला जणू थोपटून निजवतो; आवर घालणाऱ्या पेशींचाच तो स्वतःसाठी उपयोग करून घेतो. असा माणूस धडधाकट असतो, कामावर जातो, सणवार करतो. डासामार्फत रोग पसरत जातो तो त्याच्याकडून. उलट ज्याचा पाय हत्तीसारखा झाला आहे त्याच्या रक्तात अनेकदा ही पिल्ले सापडतही नाहीत. ज्याच्याकडे पाहून आपण दोन पावले मागे सरतो त्याच्यापासून धोका नसतो, आणि ज्याच्या शेजारी बिनदिक्कत बसतो तो कदाचित रोगाचा वाहक असतो. तो वाहक आपण स्वतःही असू शकतो.

हे ज्ञान मिळवायला माणसाला बराच काळ लागला. १८७२ मध्ये कलकत्त्यात टिमथी लुईस यांना माणसाच्या रक्तात ही पिल्ले दिसली. १८७७ मध्ये, म्हणजे सोलापुरात पहिली कापडगिरणी सुरू झाली त्याच वर्षी, चीनमधील अमॉय बंदरात पॅट्रिक मॅन्सन यांनी ती डासाच्या पोटात वाढताना पाहिली. त्यासाठी हिन-लो नावाचा त्यांचा एक नोकर, ज्याच्या रक्तात हे जंत होते, डासांना चावू देत रात्री निजला. त्याने कितपत राजीखुशीने ते केले असेल हे आज सांगता येणार नाही. परंतु या ज्ञानाची किंमत ज्याने आपल्या अंगावर घेतली तो एक कामकरी माणूस होता, एवढे लक्षात ठेवणे आपले कर्तव्य आहे.

पाप कोणाचे?

शास्त्राने उत्तर देण्यापूर्वी लोकांनी स्वतःची उत्तरे तयार केली होती. सोळाव्या शतकात गोव्याच्या आर्चबिशपांच्या सेवेत असलेल्या लिन्शोटेन या डच प्रवाशाने आपल्या १५९६ मध्ये छापलेल्या ग्रंथात दक्षिण हिंदुस्थानातील अशा सुजलेल्या पायांची हकिगत दिली आहे. प्रेषित संत थॉमस यांचा ज्यांनी वध केला त्यांच्या वंशजांना हा शाप भोवला, अशी आख्यायिका त्या काळी प्रचलित होती. शेजारच्या समाजांतही पूर्वजन्मीच्या पापाची भाषा होतीच. शब्द वेगळे, पण निवाडा एकच: ज्याचा पाय सुजला त्याच्याच वंशात किंवा कर्मात खोट असली पाहिजे.

या निवाड्याचा मोह समजण्यासारखा आहे. दुःखाला अपराधी सापडला की बाकीचे सगळे निर्दोष ठरतात. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी प्रभूला हाच प्रश्न विचारला होता, पाप याचे की याच्या आईबापांचे, आणि प्रभूने दोन्ही पर्याय नाकारले होते, हे आपण संत योहानाच्या शुभवर्तमानात वाचतो. ख्रिस्ती माणसाने तरी संत थॉमस यांच्या नावाने असा शाप चालवू नये. ज्याने गुरूच्या जखमांना हात लावून पाहण्याचा हट्ट धरला, त्या प्रेषिताच्या नावावर दुसऱ्याच्या जखमेचे पाप टाकणे हा त्याच्यावरही अन्याय आहे.

याउलट आपल्या जुन्या वैद्यकाची नजर स्वच्छ होती. सुश्रुतसंहितेत या रोगाला 'श्लीपद' म्हटले आहे, आणि जेथे जुने पाणी साचून राहते, जेथे सर्व ऋतूंत गारवा असतो, त्या प्रदेशांत तो विशेषकरून होतो, असे निरीक्षण नोंदवले आहे. डासाचा पत्ता नसलेल्या काळात त्या वैद्याने बोट ठेवले ते साचलेल्या पाण्यावर. आणि साचलेले पाणी हे कोणा एकाचे पाप नसते. ते गावाचे असते, नगरपालिकेचे असते, ज्याने वरच्या बाजूला घर बांधले आणि खालच्या वस्तीकडे गटार सोडून दिले त्याचे असते.

निरोग्याने गोळी का घ्यावी?

देशात हत्तीरोग नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५५ मध्ये सुरू झाला. पुढे एक निराळा मार्ग अवलंबला गेला. २००४ पासून रोगग्रस्त जिल्ह्यांतील सर्व पात्र लोकांना, आजारी असोत वा नसोत, वर्षातून एकदा डीईसीच्या गोळ्या आणि नंतर त्यांच्यासोबत अल्बेंडाझोल देण्यात येऊ लागले. सोलापूर जिल्हाही या मोहिमेत होता. दोन वर्षांखालील बालके, गरोदर स्त्रिया आणि गंभीर आजारी माणसे यांना यातून वगळलेले असते. प्रौढाने डीईसीच्या ३ गोळ्या आणि अल्बेंडाझोलची १, एवढेच घ्यायचे. २०१८ नंतर काही जिल्ह्यांत आयव्हरमेक्टिन या तिसऱ्या औषधाचीही जोड मिळाली. विचार असा की पुरेशा लोकांनी काही वर्षे लागोपाठ गोळ्या घेतल्या तर रक्तातील पिल्लांची संख्या इतकी घटते की डासाला उचलायला काही उरत नाही आणि साखळी तुटते.

या मोहिमेत देशभर एकच अडचण पुन्हा पुन्हा आढळली. गोळ्या घरोघर पोचत, पण गिळल्या जात नसत. 'ठेवा, जेवल्यावर घेतो' असे म्हणून त्या देवळीत किंवा खिडकीत राहत. म्हणून कर्मचाऱ्याने आपल्या समक्ष गोळी घ्यायला लावावी, असा नियम करावा लागला. न घेणाऱ्यांचा युक्तिवाद मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नाही. 'मला काही झालेले नाही. मग मी औषध का घ्यावे? औषध आजाऱ्याला द्यायचे असते.' गोळी घेतल्यावर काहींना ताप येतो, डोके दुखते, मळमळते. दुसऱ्याच्या रोगासाठी मी माझ्या अंगावर ताप का ओढवून घ्यावा, हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला रास्त उत्तर दिले पाहिजे.

पहिले उत्तर स्वार्थाचे आहे. आपण निरोगी आहोत हे आपल्याला वाटते, ठाऊक नसते. लक्षणे नसलेल्या वाहकांच्या लसीकावाहिन्याही आतून फुगलेल्या आणि बिघडलेल्या असू शकतात, असे तपासण्यांतून दिसून आले आहे. गोळीनंतर येणारा ताप हा बहुधा रक्तातील पिल्ले मरू लागल्याची खूण असतो. ज्याला गोळीने त्रास झाला त्याला तिची गरज असण्याचा संभव अधिक!

परंतु या उत्तरावर थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. गोळी घेणाऱ्यांतील पुष्कळांच्या अंगात खरोखरच जंत नसतात. त्यांना तिच्यापासून फारसा लाभ नसतो. त्यांनी ती का घ्यावी? येथे दयेची भाषा अपुरी पडते असे मला वाटते. माझ्या अंगणात आग लागलेली नाही, पण शेजाऱ्याच्या घरावर ठिणगी माझ्या चुलीतून उडाली असेल, आणि तशी ती उडाली की नाही हे मला कळण्याचा उपाय नसेल, तर चूल झाकणे हा माझा उपकार नाही. तो माझ्याकडून अपेक्षित असलेला किमान न्याय आहे. अज्ञानाने अपराध नाहीसा होतो हे खरे. पण आपल्याला कळत नाही हे एकदा कळले, की त्यानंतरची बेफिकिरी निरपराध राहत नाही.

न्यायाची मागणी दोन्ही बाजूंनी असते, हेही सांगितले पाहिजे. जो समाज माणसाला दुसऱ्यासाठी गोळी घ्यायला सांगतो, त्याने आधी गोळीविषयी खरे सांगितले पाहिजे; त्रास होऊ शकतो हे लपवता कामा नये, आणि झाला तर रात्री-अपरात्री धाव घेणारा कोणी असला पाहिजे. ज्यांना ती घेणे योग्य नाही त्यांना दटावता कामा नये. आणि गटारे तशीच उघडी ठेवून, शौचालयाच्या टाकीच्या नळीला जाळीसुद्धा न बांधता, सगळा भार गरिबाच्या घशात उतरणाऱ्या गोळीवर टाकता कामा नये. गोळी हे निरोग्याचे देणे असेल, तर वाहते गटार हे नगराचे देणे आहे. एकाने दुसऱ्याची सबब सांगू नये.

हे घडू शकते, याला शेजारचा दाखला आहे. २०१६ मध्ये श्रीलंकेतून हत्तीरोग सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून हद्दपार झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. भारताने त्यासाठी २०२७ हे वर्ष समोर ठेवले आहे. आणि दुसऱ्याचे जळताना ज्याला कळले असा माणूस तर सोलापूरच्याच मातीतला आहे. १९१० मध्ये येथे जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये युद्धात होरपळणाऱ्या चीनला गेले आणि १९४२ मध्ये तेथेच, रुग्णांची सेवा करता करता वारले. त्यांचे घर पेटलेले नव्हते. आपल्याकडून मागणी होते आहे ती त्यांच्या मानाने किती किरकोळ आहे!

ज्याला गोळी उशिरा पोचली

अजून एक माणूस उरतो, आणि खरे पाहता सारा विचार त्याच्यापाशीच येऊन थांबायला हवा. ज्याचा पाय सुजून कायमचा जड झाला आहे, त्याला या मोहिमेने काय मिळते? गोळीने त्याची सूज उतरत नाही. लसीकावाहिन्या एकदा निकामी झाल्या की परतीची वाट बंद होते. द्रव साचतो, कातडी जाड होते, तिला घड्या पडतात, त्या घड्यांत भेगा. पुढच्या पिढीचा पाय वाचेल, ही गोष्ट त्याला आनंदाची वाटेलही. पण त्याचा स्वतःचा पाय हिशेबाच्या तक्त्याबाहेर राहतो. साखळी तुटली की आकडे शून्यावर येतात, तो मात्र तसाच राहतो. पुरुषांतील अंडवृद्धीवर शस्त्रक्रियेने इलाज होतो, पण लाजेपोटी कितीतरी जण वर्षानुवर्षे तोंडातून शब्द काढत नाहीत. पायाला तसा झटपट इलाज नाही.

त्याला जे उपयोगी पडते ते इतके साधे आहे की सांगताना संकोच वाटावा. पाय रोज धुवायचा. साध्या साबणाने, स्वच्छ पाण्याने, बोटांच्या बेचक्यांतून आणि कातडीच्या प्रत्येक घडीतून, हलक्या हाताने. मग मऊ फडक्याने टिपून कोरडा करायचा. भेग असेल तर मलम लावायचे. निजताना व बसताना पाय उंचावर ठेवायचा, घोटा फिरवायचा, सोयीची पादत्राणे वापरायची. या पायाला वरचेवर जे थंडीतापाचे, ठणक्याचे झटके येतात ते भेगांतून शिरणाऱ्या जंतूंमुळे येतात, आणि प्रत्येक झटक्यागणिक पाय आणखी सुजतो. नित्य स्वच्छतेने हे झटके कमी होतात, हे ब्राझीलमधील रेसिफे येथे डॉ. जेरुसा ड्रायर यांनी रुग्णांनाच एकत्र आणून दाखवून दिले. आज हत्तीरोग निर्मूलनाच्या जागतिक कार्यक्रमाचे दोन आधार मानले जातात. एक गोळी आणि दुसरा ही शुश्रूषा.

सोलापुरात यातली अडचण समजायला वेळ लागत नाही. जेथे नळाला दोन-तीन दिवसांआड, कधी त्याहूनही उशिरा पाणी येण्याची वर्षानुवर्षे सवय आहे, तेथे एका पायासाठी रोज बादलीभर स्वच्छ पाणी हा घरातला खरा प्रश्न असतो. वाकता न येणाऱ्या म्हातारीला आपला पाय स्वतः धुता येत नाही. तो धुवायला कोणीतरी खाली बसावे लागते. त्या पायाला वास येतो. सुनेला किळस येते, मुलगा कामावर गेलेला असतो, नातवंडे लांबून बघतात. येथे ना औषधाचा प्रश्न आहे ना पैशाचा. कोण खाली बसणार, एवढाच प्रश्न आहे.

पवित्र गुरुवारी आपल्या मंदिरांत पाय धुण्याचा विधी होतो. निवडलेली माणसे घरून पाय धुऊन, स्वच्छ कपडे घालून येतात. धर्मगुरू वाकतात, पाणी ओततात, पुसतात. हा विधी सुंदर आहे आणि तो तसाच राहावा. परंतु त्या रात्री गुरूने शिष्यांचे जे पाय धुतले ते दिवसभर धुळीतून चाललेले होते, आणि नंतर त्याने तसेच करायला सांगितले ते एका गुरुवारापुरते नव्हते. एखाद्या धर्मग्रामात, मग तो सोलापुरात असो वा वसईत, असा एक जरी पाय असेल, तर तो कसा धुवावा हे शिकून घेणे फार अवघड नाही. सरकारी दवाखान्यातील कर्मचारी ते दाखवून देतात. महिला मंडळाला किंवा युवकांना ते शिकता येईल, आणि घरच्या थकलेल्या माणसाला आठवड्यातून दोन दिवस तरी विसावा देता येईल. तो पाय कोणत्या धर्माच्या माणसाचा आहे हे विचारायचे कारण नाही. डासानेही ते विचारले नव्हते.

शरीराच्या आत जे मागे राहते ते परत आणण्यासाठी निर्मात्याने एक अबोल व्यवस्था ठेवली आहे. माणसांच्या वस्तीत जे मागे राहतात, त्यांच्यासाठी अशी व्यवस्था आपोआप निर्माण होत नाही. ती माणसांनाच व्हावे लागते. ज्याचे जळते त्याला कळते, हे खरेच आहे. त्याला कळण्यावाचून गत्यंतर नसते. ज्याचे जळत नाही त्याला मात्र कळून घ्यावे लागते, आणि ते कळून घेणे हेच त्याच्या देण्याचे पहिले माप आहे. दुसरे माप बादलीभर पाण्याचे आहे.